पुराणिक सरांचा फिरता गडी

पुराणिक सरांना नवी वस्तू दाखवायची म्हणजे आमच्या जिवावर यायचं. फ्रिज असो, स्कूटर असो, नाहीतर घराला बसवलेलं लोखंडी गेट असो, सर ती वस्तू चारही बाजूंनी बघायचे, खाली वाकून बघायचे, तेल घालायची जागा कुठं आहे ते शोधायचे. मग चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "घेतलंत, छान केलंत. पण बघणार कोण?" किंमत त्यांनी कधी कुणाला विचारली नाही. माझ्या लग्नात स्टेजवर आले, आहेराचं पाकीट हातात दिलं, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भर फोटोत मला माहेरच्या आडनावानं हाक मारून म्हणाले, "मुळे, ठीक दिसतोय. बघणार कोण?" नवरा बिचारा कसनुसा हसला. आता घरात गीझर बंद पडला की तोच मला सरांच्या आवाजात हे विचारतो, आणि मी चिडते.

सर जाऊन वर्ष होत आलं. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीतून जाताना अजून माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

आम्हाला ते इंजिनिअरिंगला मशीन शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि नखांत कायमचं काळं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या देवळात पुराण सांगायचं काम. सर म्हणायचे, "आजोबा पुराण सांगायचे, मी ग्रीस सांगतो. ऐकणारे दोघांचेही झोपतातच." तोंडी परीक्षेला मी फॉर्म्युले घोकून गेले होते. सरांनी डोक्यावरच्या पंख्याकडं बोट दाखवलं आणि विचारलं, ह्याला शेवटचं तेल कधी घातलं असेल? मी तशी पहिल्यापासून तापट. म्हटलं, सर, हे सिलॅबसमध्ये नाही. ते शांतपणे म्हणाले, "पंखाही सिलॅबसमध्ये नाही. पण तू त्याच्या खाली बसली आहेस." मार्क बरे दिले, पण त्यानंतर मी खूप दिवस पंख्याखाली बसायची जागा बदलत होते.

त्यांच्या खिशात एक लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर असायचा. चालू मशीनला त्याचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची तपासणी. बेअरिंग कोरडं पडलं की आवाजात कळतं म्हणायचे. कुणाच्या घरी चहाला गेले तरी पाण्याच्या मोटारीला स्क्रूड्रायव्हर लावून यायचे. दुसरी वस्तू म्हणजे पिशवीतला गोल स्टीलचा डबा. तो मुळात माईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, तुपाचा डबा. सरांनी एकदा त्यात ग्रीस भरून नेलं आणि तो डबा स्वयंपाकघराला कायमचा मुकला. माईंनी हे त्यांना आयुष्यभर ऐकवलं. डबा मात्र परत मागितला नाही. मागून उपयोग तरी काय होता.

सरांनी रिटायर व्हायच्या सुमाराला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सोलरचा ट्रॅकर बनवला. म्हणजे सोलरच्या प्लेटा एका जाड खांबावर बसवायच्या आणि खांबाच्या डोक्यावर अशी यंत्रणा करायची, की प्लेटा सूर्याबरोबर फिरतील. सकाळी पूर्वेला तोंड, संध्याकाळी पश्चिमेला. एवढंच नाही, सूर्य चढेल तशा आडव्या होतील, उतरेल तशा उभ्या. दोन्हीकडून फिरणारं यंत्र. गिअर भंगारातला, मोटारी दुरुस्त केलेल्या, आणि वर काडेपेटीएवढा एक डोळा, जो उजेड कुठून येतोय ते बघून मोटारींना हुकूम द्यायचा. सरांना वाटलं होतं, कुणीतरी कारखानदार हे उचलेल. चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत ते हिंडले. लोकांनी चहा पाजला, वा वा केली आणि वाटेला लावलं. शेवटी अजिंठ्याजवळ मुलींची निवासी शाळा चालवणाऱ्या एका संस्थेनं म्हटलं, आमच्याकडं लावा. तीन खांब उभे राहिले, तिन्हींना हुकूम देणारा डोळा एकच. पाण्याची मोटार, वसतिगृहाचे दिवे, स्वयंपाकघरातला मिक्सर, सगळं त्यावर चालू झालं. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये पेढे घेऊन आले होते. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी पेढे वाटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शाळेची राखण बंडगर करायचे. मेंढरांमागं हिंडणारं घराणं, पण ह्यांच्या वाट्याला गुडघेदुखी आली म्हणून राखणदार झाले. तरी आठ-दहा मेंढरं बाळगून होते. ती प्लेटांच्या सावलीत चरायची, त्यामुळं गवत कापायचा खर्च वाचायचा. शेळी मात्र आत सोडायची नाही, हा सरांचा कडक नियम. एकदा जोराचं वारं सुटल्यावर, मोडू नयेत म्हणून, प्लेटा आपोआप आडव्या झाल्या होत्या आणि शाळेशेजारची एक शेळी मोटारीच्या खोक्यावर पाय देऊन थेट वर जाऊन उभी राहिली होती. बंडगरांनी यंत्राला नाव ठेवलं होतं गडी. गड्यानं आज काम केलं, गडी आज कुरकुरतोय, असं बोलायचे. एकदा त्यांचा सरांना फोन आला.

"सर, गडी रुसलाय. सकाळधरनं लेण्याकडं तोंड करून बसलाय, मानच वळवंना."

सर लगेच एसटीनं गेले. वर चढून बघतात तर कावळ्यानं नेमका त्या काडेपेटीएवढ्या डोळ्यावर प्रसाद टाकलेला. ओलं फडकं फिरवलं आणि गडी कुरकुरत सूर्याकडं वळला. एका फडक्याच्या कामासाठी जाऊन-येऊन सरांचा अख्खा दिवस गेला. पण ही गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, जसं काही नातवानं खोडी काढली.

मुलींच्या तऱ्हा आणखी वेगळ्या. वसतिगृहात नवीन आलेल्या पोरींनी कपडे वाळत घालायला दोरी बांधली, एक टोक कडुलिंबाला, दुसरं गड्याच्या चौकटीला. त्यांना काय माहीत, हा दिवसभर मान फिरवतो म्हणून. सकाळी दोरी सैल होती, दुपारपर्यंत ताणून तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली आणि मोटार दमून बंद पडली. मुख्याध्यापक बाईंनी पोरींना उभं करून ठेवलं होतं. सर आले, दोरी सोडली, पोरींना बसायला सांगितलं आणि बाईंना म्हणाले, चूक माझी आहे. इतक्या मुली राहणार आणि कपडे कुठं वाळणार ह्याचा मी विचारच केला नाही. पुढच्या खेपेला येताना दोन पाइप आणले, सिमेंटात उभे केले, तार ओढून दिली. ती तार अजून आहे.

आता माझ्या कामाची गोष्ट. मी एका छोट्या ऑफिसात आहे, आम्ही लोकांना सोलर बसवण्याबद्दल सल्ला देतो. सर हयात असतानाच त्या संस्थेनं आमच्याकडं काम दिलं. त्यांच्याकडं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं सोलर होतं. करमाडच्या वसतिगृहावर साधं, पक्कं बसवलेलं, न हलणारं. पैठण रस्त्यावरच्या शेतीशाळेत एकाच बाजूनं फिरणारं, म्हणजे लांब ओळीच्या ओळी सकाळी पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला कलणाऱ्या. आणि अजिंठ्याला सरांचा दोन्हीकडून फिरणारा गडी. संस्थेला आपल्या बाकीच्या सगळ्या शाळांवर सोलर बसवायचं होतं. कुठल्या तऱ्हेचं बसवावं, आणि मुख्य म्हणजे कुठलं सांभाळायला परवडेल, ते आम्ही सांगायचं होतं.

कुणालाही वाटेल, ह्यात काय मोठं. जितकं फिरेल तितकी वीज जास्त, पण जितकं फिरेल तितकं झिजेलही. न हलणाऱ्या प्लेटांना लागतं काय, पाणी, फडकं आणि वर्षातून एकदा नट आवळणं. ओळीत फिरणाऱ्याला मोटार आली, बेअरिंग आलं, वादळानंतरची तपासणी आली. शेतीशाळेनं त्यासाठी वर्षाचा करार केला होता आणि एक माणूस पगारावर ठेवला होता. दोन्हीकडून फिरणाऱ्याला तर सगळंच दुप्पट. म्हणून अजिंठ्याचा खर्च सगळ्यांत जास्त निघणार हे मी गृहीत धरलं होतं. निघाला करमाडएवढाच. थोडं ग्रीस, काही फ्यूज, एक जुनी मोटार, बास. आणि वीज सगळ्यांत जास्त. संस्थेचे सचिव तर हरखूनच गेले. म्हणाले, मग प्रश्नच मिटला, सगळ्या शाळांवर पुराणिक सरांचंच यंत्र बसवू, गावोगावी सरांचं नाव होईल. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आकडा काही पचेना.

मी उस्मानपुऱ्यात सरांच्या घरी गेले. सर घरी नव्हते. माई भाजी निवडत होत्या. सर कुठं आहेत विचारलं तर म्हणाल्या, "कुठं असणार, सासुरवाडीला." अजिंठ्याला त्या सासुरवाडी म्हणायच्या. मग मेथीच्या काड्या मोडता मोडता बोलत गेल्या. आठवड्याला एक खेप ठरलेलीच, वारं-पाऊस झाला की वेगळी. एसटीचं तिकीट स्वतःचं, डबा माईंचा. मोटारीचे भाग शहागंजातून हुडकून आणायचे तेही स्वतःच. संस्थेनं एकदा विचारलं तर ह्यांनी सांगितलं, मी हौसेनं येतो. माई म्हणाल्या, मुलगी पुण्याहून माहेरपणाला आली तरी हे गड्याकडं. आणि शेवटी हसून म्हणाल्या, "मी आपली स्थिर प्लेट गं. एकदा बसवली की बघावं लागत नाही." हसल्या खऱ्या, पण मला काही हसू आलं नाही.

मग उलगडलं. करमाडएवढा खर्च कसा काय? सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे सर, आणि ते कुठंच धरलेले नव्हते.

सर आल्यावर मी सरळ बोलले. म्हटलं, तुलनेच्या तक्त्यात मी तुमच्या खेपांची वेगळी ओळ घालणार आहे. ह्या कामाचा माणूस बाहेरून आणला तर काय पडेल तेवढं लावणार. सरांचा चेहरा पडला. ते पाणी प्यायले, त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग म्हणाले, माझं कशाला धरतेस, मी काय रोजंदारीवर आहे? मी म्हटलं, सर, इतक्या शाळांना इतके पुराणिक सर कुठून आणायचे? ते म्हणाले, एकदा यंत्र वाढलं की माणसं तयार होतील. मी तयार करीन. तू ती ओळ काढ.

मी काढणार नाही म्हटलं. त्यांचीच शिकवण त्यांना ऐकवली, बघणार कोण म्हणून. माझा आवाज चढला असावा, कारण माई दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी स्क्रूड्रायव्हर उचलून खिशात घातला. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं कारखान्यांच्या दारातून चहा पिऊन परत आलेला हा माणूस, आता कुठं एकानं दार पूर्ण उघडलं होतं, आणि त्यांचीच विद्यार्थिनी ते ओढून घ्यायला उभी. मला फार वाईट वाटलं. ओळ मात्र मी काढली नाही.

संस्थेची बैठक पंधरवड्यावर आली होती. त्याआधी एकदा जागेवर जाऊन बघणं भाग होतं. मी निघाले तर सर आमच्या गेटपाशी पिशवी घेऊन उभे. बोलणं बंद होतं, पण गाडीत बसले, तेही मागच्या सीटवर. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. मी रेडिओ लावला तर तो नीट लागेना, खरखर करायला लागला. सरांचा हात मागून पुढं आला, त्यांनी बटण अगदी थोडं फिरवलं, आवाज स्वच्छ झाला आणि हात परत मागं गेला.

शाळेत कौसाबाईंनी चहा ठेवला. बंडगरांची बायको, वसतिगृहाचा स्वयंपाक त्यांच्याकडं. मी आपली सवयीनं विचारत होते, गडी मोठा बंद कधी पडला होता, वगैरे. कौसाबाई भोळ्या. म्हणाल्या, "लई झालं ते एकदाच. दहावीच्या परीक्षेच्या टायमाला. सरांचा गुडघा कापला व्हता तवा."

बंडगरांनी डोळ्यांनी खुणावलं, पण बाईंचं लक्ष नव्हतं. सरांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, माझ्या ऑपरेशनच्या वेळी? तेव्हा तर एकच दिवस बंद होता. मी काठी घेऊन आलो तेव्हा बंडगर म्हणाले, कालपासून बंद आहे.

मग एकेक बाहेर पडलं. गडी एका संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून बसला तो उठलाच नाही. सकाळचा सूर्य पाठीवर, वीज कसली येतेय. बॅटऱ्या उतरल्या, मोटार बंद, टाकी कोरडी. बंडगरांनी दोरी लावून ओढून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. सरांखेरीज त्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. परीक्षेला बसलेल्या पोरी पहाटे उठून हातपंपावरून हंडे आणत होत्या आणि मेणबत्तीवर अभ्यास करत होत्या. सर घरी बिछान्यात होते ते सगळे दिवस.

"मला फोन का नाही केला?" सरांनी विचारलं.

बंडगर मान खाली घालून म्हणाले, "केला असता तर तुमी बांधल्या पायानं आला असता. पोरीच म्हणल्या, सरांना सांगू नगा."

सर उठले. गड्यापाशी गेले, स्क्रूड्रायव्हर गिअरला लावला, मूठ कानाला. डोळे मिटून खूप वेळ उभे होते. गिअर काही तेवढा वेळ ऐकण्यासारखा नव्हता, मी लांबून बघत होते. मेंढरं त्यांच्या पायांतून इकडून तिकडं जात होती. परत निघताना ते पुढच्या सीटवर बसले. घाट उतरल्यावर म्हणाले, "मुळे, ती ओळ राहू दे." मी मान हलवली.

बैठकीला शाल आणि नारळ आधीच आणून ठेवले होते. सचिवांनी प्रास्ताविकात सरांना ऋषी वगैरे म्हटलं. तुलना मी मांडायची होती, पण सर म्हणाले आधी मी बोलतो. उभे राहिले, खुर्चीची पाठ धरली.

"माझ्या यंत्राचा देखभालीचा खर्च कमी दिसतो. तो कमी नाही. तो मी भरतोय, आणि मी आता पुरणार नाही."

सचिव समजावणीच्या सुरात म्हणाले, सर, आम्ही पगारी माणूस ठेवू की. सर म्हणाले, ठेवाल, पहिली एक-दोन वर्षं ठेवाल. मग कुठं बचत करायची हा प्रश्न येईल तेव्हा ज्याचं काम दिसत नाही तोच आधी जाईल. ह्यात कुणाला दोष देत नाही, असंच होतं. शेतीशाळेच्या ओळी ठेवा, तिथं पसारा मोठा आहे, माणूस परवडतो. छोट्या शाळांना फिरणारं काही देऊ नका. मग त्यांनी परीक्षेच्या वेळची सगळी हकिकत सांगितली, हंडे आणि मेणबत्त्यांसकट. स्वतःच्या यंत्राविरुद्ध इतकं मुद्देसूद बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. माझ्या बोलण्याला काही उरलंच नाही.

त्यांनी सुचवलं ते अगदी साधं होतं. प्लेटांचं तोंड कायमचं दक्षिणेला. फक्त कल बदलायचा, तोही हातानं, चौकटीतली पिन काढून दुसऱ्या भोकात घालायची. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा प्लेटा आडव्या, हिवाळ्यात तो दक्षिणेकडं झुकतो तेव्हा उभ्या. वर्षातून दोनदा. तारखा कुणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांनी सणच दिले. घटस्थापनेला उभ्या करायच्या, गुढीपाडव्याला आडव्या. एवढं कुठल्याही शाळेत कुणीही करील. ठराव झाला. अजिंठ्याचा गडीही फिरायचा थांबवायचा हे त्यातच आलं. शाल घेऊन सर घरी आले. माईंनी काय झालं विचारलं तर म्हणाले, नापास झालो. माईंनी त्या दिवशी साखरभात केला होता. तो त्यांनी मुकाट्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतला.

घटस्थापनेला गड्याला थांबवायचं ठरलं. मी सरांना घेऊन गेले, माईही आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आभाळ स्वच्छ होतं, ऊन चांगलंच तापलं होतं. तोंड नेमकं दक्षिणेला करून बोल्ट मारायचा होता. मी मोबाइलवर होकायंत्र काढलं. सरांनी नको म्हणून हात केला.

"त्याला माहीत आहे दक्षिण कुठं आहे ती. त्याचं त्याला जाऊ दे."

मग आम्ही सगळे थांबलो. आपल्याकडं सूर्य घड्याळातल्या बाराला माथ्यावर येत नाही, जरा उशिरा येतो. सर खुर्ची घेऊन खांबाजवळ बसले, वर बघत. गडी नेहमीसारखा थोडं थांबून, थोडं कुरकुरून सरकत होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोरी ओट्यावर ओळीनं बसल्या होत्या. खांबाची सावली अगदी उत्तरेला आली तेव्हा सर म्हणाले, बास. बंडगरांनी मोटारीची वायर काढली. तिन्ही खांबांचे बोल्ट सरांनी स्वतः घातले. आवळतानाही पाना कुणाच्या हातात दिला नाही. मग चौकटीत नव्यानं बसवलेली पिन काढून कल बदलायचं मात्र त्यांनी पोरींकडून करून घेतलं, तीनही खांबांवर, प्रत्येकीला हात लावायला लावून.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच होतो. सूर्य पश्चिमेला गेला आणि प्लेटा होत्या तिथंच राहिल्या. सर मधूनमधून मान वर करून बघायचे. माई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, त्यांनी पदरानं सरांच्या कपाळावरचं ग्रीस पुसलं. सरांचे डोळे भरले होते. मी मेंढरं मोजत असल्याचं नाटक केलं.

त्यानंतर हिवाळाभर सर अजिंठ्याला गेले नाहीत. डॉक्टरांनी प्रवास कमी करा म्हणून सांगितलं होतं. पाडवा आला तसे मात्र अस्वस्थ झाले. सकाळी सातला मला फोन, येतेस का म्हणून. घरची गुढी उभारून मी नवऱ्याच्या शिव्या खात निघाले. सरांनी पिशवी भरली होती, तोच तुपाचा डबा, पाने, फडकी, सुटी एक पिन. वाटेत सगळं समजावून सांगत होते, आधी कुठला खांब घ्यायचा, पिन गंजली असेल तर काय करायचं, पोरी नव्या असतील त्यांना कसं शिकवायचं. मी हो हो करत गाडी चालवत होते.

शाळेच्या फाटकातून आत आलो आणि सर बोलायचे थांबले. तीनही खांबांवरच्या प्लेटा आडव्या झालेल्या होत्या. धुतलेल्याही होत्या, अजून खाली थेंब गळत होते. मधल्या खांबाला पोरींनी साखरेची गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा बांधला होता.

सर काठी टेकत जवळ गेले. एका पिनेला हात लावला, हलवून बघितली. घट्ट होती. दुसरी बघितली. तीही घट्ट. वाकून भोकात बोट घातलं, बोटाला ताजं ग्रीस लागलं. मग पिशवी तशीच खांद्याला लटकवून उभे राहिले, परक्या घरी आल्यासारखे. कौसाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"कोणी केलं?" सरांनी विचारलं.

"पोरींनी. सक्काळीच. गुढी उभारायच्या आधी."

सरांनी वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग मी कशाला आलो?"

"जेवायला," कौसाबाई म्हणाल्या. "पुरणपोळी हाय. हात धुवा."

मी सरांच्या तोंडाकडं बघायचं टाळत होते, पण ते हसत होते. तो पिशवीतला डबा त्यांनी काढला, कपड्यांच्या तारेच्या पाइपाजवळ, पोरींच्या फडक्यांच्या बादलीत ठेवला आणि नळावर गेले. एका बोटावरचं ग्रीस सोडलं तर नखांत त्या दिवशी काही काळं नव्हतं, तरी सवयीनं खूप वेळ हात धूत राहिले. मग पोरी पंगतीत सरकून बसल्या आणि त्यांनी सरांना मध्ये जागा दिली.